समुद्र हाच बांध : मादागास्करमधले अकरा दिवस

एकतीस वर्षं मी चिपळूणला भूगोल शिकवला. आफ्रिकेचा नकाशा फळ्यावर टांगला की मादागास्करच्या वाट्याला एकच वाक्य यायचं : जगातलं चौथ्या क्रमांकाचं मोठं बेट, आफ्रिकेच्या पूर्वेला. तेवढ्यात घंटा व्हायची. निवृत्तीनंतर निवांत वाचायला लागले तेव्हा कळलं, की त्या वाक्यात जवळजवळ काहीच सांगितलेलं नव्हतं. ही जमीन ८.८ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या पश्चिम किनाऱ्याला जोडलेली होती, आणि इथल्या माणसांची भाषा हिंदी महासागराच्या पार दुसऱ्या टोकाला, बोर्निओत जन्मली. यंदा आषाढात धाकट्या जावेला बरोबर घेतलं आणि निघाले. वहीत आधीच दोन रकाने आखून ठेवले होते : 'नातं' आणि 'योगायोग'. परमुलखात ओळखीचं काही दिसलं की आपण लगेच सोयरीक जुळवतो. तसं करायचं नाही, असं ठरवलं होतं.

पहिला दिवस : ताना

अंतानानारिवोला सगळे ताना म्हणतात. मुंबईहून अदिस अबाबामार्गे दुपारी पोचलो. घड्याळ अडीच तास मागे घेतलं आणि स्वेटर वर काढले. शहर समुद्रसपाटीपासून जवळजवळ १,३०० मीटरवर आहे आणि जुलै म्हणजे तिथला हिवाळा. आपल्याकडे पावसाने झोडपत असताना इथे कोरडं, निळं, स्वच्छ आकाश होतं.

विमानतळाबाहेर पडल्या पडल्या भाताची खाचरं लागली. राजधानीच्या ऐन पोटात! कापणी होऊन गेली होती आणि रिकाम्या खाचरांमधला चिखल कापून लोक विटा पाडत होते. जागोजाग भट्ट्या धुमसत होत्या. म्हणजे ज्या मातीत भात पिकतो, त्याच मातीची घरं होतात. घरंही तशीच, उंच, अरुंद, लाल विटांची, टेकड्यांच्या उतारावर एकावर एक चढलेली.

आमचा ड्रायव्हर पन्नाशीचा, मोजकं पण नेमकं इंग्रजी बोलणारा. जाऊ सवयीने त्याला 'दादा' म्हणाली तर तो चमकून मागे बघायला लागला. मग हसत म्हणाला, "आमच्या भाषेत दादा म्हणजे वडील. तुम्ही दोघी माझ्याहून मोठ्या, तरी चालेल मला!" पुढचे अकरा दिवस तो दादाच राहिला. (रकाना : योगायोग.)

त्याच्याकडूनच पहिला धडा मिळाला. मालागासी, म्हणजे इथल्या भाषेतल्या शब्दांचा शेवटचा स्वर जवळजवळ गिळतात. लिहितात अंतानानारिवो, ऐकू येतं 'अंतानानारीव'. यातलं 'आरिवो' म्हणजे हजार. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला आंद्रियानजाका राजाने ही टेकडी जिंकली आणि राखायला हजार सैनिक ठेवले, म्हणून 'हजारांचं गाव'. मलय भाषेत हजाराला 'रिबु' म्हणतात. नात्याच्या रकान्यातली पहिली नोंद ही.

दुसरा दिवस : अंबोहिमांगा

सकाळी रस्त्याच्या कडेला कोळशाच्या शेगडीवर एक बाई मोफो गासी करत होती. तांदळाच्या आंबवलेल्या पिठाचे गोल, किंचित गोड गोळे, आणि भांडं म्हणजे हुबेहूब आपलं आप्पेपात्र. जाऊ तिथून हलेना. बाईने तिच्या हातात उलथायची काडी दिली आणि जावेने सराईतपणे सात-आठ आप्पे, म्हणजे मोफो, परतून दाखवले. भोवती चांगली गर्दी जमली. आम्हाला पैसे कमी लावायला ती तयार होती, आम्ही तयार नव्हतो.

अंबोहिमांगा, म्हणजे निळा डोंगर, तानाच्या उत्तरेला तासाभरावर. युनेस्कोने २००१ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदलेली ही राजटेकडी मेरिना, म्हणजे मधल्या पठारावरच्या लोकांचं पवित्र स्थान आहे. वेशीला लाकडी दार नाही. गाडीच्या चाकासारखी प्रचंड दगडी चकती रात्री माणसं ढकलून वाट बंद करत. आत आंद्रियानांपोइनिमेरिना या राजाचं काळ्या लाकडाचं एकखणी घर आहे. राजाचं घर, पण आत चूल, तीन दगड, मडकी, उंचावर बांधलेली खाट, एवढंच. त्याने १७८७ च्या सुमारास गादी घेतली आणि विखुरलेल्या टेकड्यांची एक सत्ता बांधली. त्याचं एक वाक्य इथे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं : 'समुद्र हाच माझ्या भातखाचराचा बांध.'

मी ते वहीत मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. साम्राज्याची भाषा करणाऱ्या या राजाच्या डोळ्यांपुढे जमीन म्हणजे खाचर आणि सीमा म्हणजे बांध. नुसती तलवार चालवणाऱ्याला हे वाक्य सुचलं नसतं. त्याचा मुलगा पहिला रादामा याने १८१७ मध्ये इंग्रजांशी करार केला, मिशनऱ्यांकडून भाषेसाठी रोमन लिपी घेतली आणि बेटाचा बराच भाग खरोखरच त्या बांधापर्यंत नेला. १८९६ मध्ये फ्रेंचांनी सगळं बेट गिळलं. शेवटची राणी तिसरी रानावालोना हद्दपारीत अल्जीयर्सला वारली.

घराच्या आत ईशान्य कोपरा पूर्वजांचा. तिथे कुणी बसायचं नाही, प्रार्थना तिकडे तोंड करून. जाऊ म्हणाली, "ताई, आपला देव्हाऱ्याचाच कोपरा की!" मलाही मोह झाला. पण इथल्या घराची दिशाव्यवस्था अरबी ज्योतिषावरून आलेली आहे. बारा महिने घराभोवती मांडतात आणि ईशान्येला पहिला महिना अलाहामादी, म्हणजे अरबी 'अल्-हमल', मेष रास. योगायोगाच्या रकान्यात लिहिलं, जरा नाइलाजाने.

जाणाऱ्यांसाठी : बाहेर पडताना त्या घरात पाठ फिरवायची नसते, उलट्या पावली यायचं. आणि प्रत्येक गावाची 'फादी', म्हणजे निषिद्ध गोष्टी, वेगवेगळी असते. कुठे डुकराचं मांस न्यायचं नाही, कुठे थडग्याकडे बोट दाखवायचं नाही. गावात शिरण्याआधी विचारून घ्या, विचारलेलं त्यांना आवडतं.

तिसरा आणि चौथा दिवस : अंदासिबेचं जंगल

तानाहून पूर्वेला १४० किलोमीटर. अंतर बघून दोन-अडीच तास धरू नका, आम्हाला साडेपाच लागले. पठार संपलं आणि घाट सुरू झाला. हिरवीगार भिंत, धुकं, खाली उतरत जाणारी वळणं. मी गप्पच झाले. हा सह्याद्रीच होता, फक्त आरशातला. आपला कडा पश्चिमेला तोंड करून मोसमी पाऊस अंगावर घेतो, हा पूर्वेला तोंड करून व्यापारी वाऱ्यांचा. आपल्या कड्याच्या पूर्वेला दख्खनचं पठार, यांच्या कड्याच्या पश्चिमेला त्यांचं. गोंडवन या प्राचीन महाखंडातून भारत आणि मादागास्कर एकत्र सुटले, मग एकमेकांपासून फाटले, आणि फाटलेल्या कडा आज समोरासमोर महासागराकडे बघत उभ्या आहेत. उडुपीजवळच्या मालपे बंदरासमोर सेंट मेरी बेटांवर जे खांबासारखे खडक दिसतात, ते त्याच फाटण्याच्या वेळच्या लाव्हाचे. त्यांचं वय तेच, ८.८ कोटी वर्षं. रस्त्याकडेला लाल माती उघडी पडलेली होती, आपल्या जांभ्यासारखी. नात्याचा रकाना त्या दिवशी भरून वाहिला.

वाटेत मोरामांगा लागलं. २९ मार्च १९४७ च्या रात्री फ्रेंचांविरुद्ध उठाव सुरू झाला त्यातलं हे मोठं ठिकाण. पुढे मे महिन्यात इथल्या रेल्वेस्थानकात डब्यांमध्ये कोंडलेल्या कैद्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. दादाने गाडी थांबवली, उतरून टोपी काढली, दोन मिनिटं उभा राहिला आणि न बोलता परत आला. स्वातंत्र्य मिळायला पुढे १९६० चा २६ जून उजाडावा लागला.

चौथ्या दिवशी पहाटे इंद्री ऐकला. आधी ऐकला, मग पाहिला. लेमूर म्हणजे माकडांचे लांबचे भाऊबंद, त्यांतला हा सगळ्यात मोठ्यांपैकी एक, शेपूट नावापुरतं, काळापांढरा, पाच वर्षांच्या पोराएवढा. एकाने सूर लावला, दुसऱ्याने उचलला, आणि मिनिटाभरात सगळी दरी भरून गेली. शंख आणि रडणं यांच्या मधला काहीतरी आवाज. दोन-दोन किलोमीटर जातो म्हणे. मालागासीत त्याला बाबाकोतो म्हणतात, आणि तो आपला पूर्वज आहे असं मानून इथे त्याला मारत नाहीत. पिंजऱ्यात तो जगत नाही. त्यामुळे हे जंगल गेलं की तो गेला. आणि जंगल जातंय. डोंगर भाजून भात पेरण्याची रीत, 'तावी', आपल्या कुमरी शेतीसारखीच, आणि माणसं वाढली तशी ती जमिनीला विसावा देईनाशी झाली. वाटाड्या तरुण स्वतः तावी करणाऱ्या घरातला होता. "भूक आधी, माकड नंतर, असं माझे वडील म्हणायचे," तो म्हणाला, "आता वाटाड्या म्हणून मिळालेल्या पैशांतून मी तांदूळ नेतो, तेव्हा ते काही बोलत नाहीत."

जळवा असतात, लांब मोजे हवेत. सकाळी सात ते अकरा हीच वेळ इंद्री ऐकायची. रेनकोट कोरड्या ऋतूतही लागतो.

पाचवा आणि सहावा दिवस : अंत्सिराबे, आणि एका घरचं कार्य

तानाला परतून दक्षिणेचा रस्ता धरला. सात नंबरचा हा राष्ट्रीय मार्ग नैऋत्य किनाऱ्यावरच्या तुलेआरपर्यंत ९५० किलोमीटरच्या आसपास जातो. अंत्सिराबे हे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव, नॉर्वेच्या मिशनऱ्यांनी वसवलेलं. रस्ताभर माणसांनी ओढायच्या रिक्षा, पुसपुस. पहाटे खोलीबाहेरच्या गवतावर दव गोठलेलं होतं. जुलैत इथे येणार असाल तर लोकरी टोपी विसरू नका.

सहाव्या दिवशी दादाच्या चुलतबहिणीच्या सासरी 'फामादिहाना' होतं आणि त्याने घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून आम्हाला नेलं. पाच-सात वर्षांतून एकदा, जुलै ते सप्टेंबरच्या कोरड्या दिवसांत, पठारावरचे लोक आपल्या पूर्वजांना थडग्यातून बाहेर काढतात, नवं रेशमी वस्त्र गुंडाळतात आणि पुन्हा ठेवतात. हे वाचलं होतं आणि वाचून अंगावर काटा आला होता. प्रत्यक्षात काटा आला नाही.

आधी जेवण. शेकडो माणसं, ढीगभर भात, त्यावर चरबीसकट शिजवलेलं मांस. आम्हा दोघींना एका आजीने भात, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आणि भाताच्या करपलेल्या खरपुडीत उकळलेलं पाणी, रानोवोला, आणून दिलं. मग पिपाण्या आणि ढोल वाजवत सगळे थडग्याकडे निघाले. घरं मातीच्या विटांची, पण थडगं घडीव दगडाचं. जिवंतपणी राहतो ते घर चार दिवसांचं, हे कायमचं, असा त्यांचा साधा हिशोब.

दगड सरकवला. एकेक करून चटयांत गुंडाळलेले पूर्वज बाहेर आले. प्रत्येकाचं नाव मोठ्याने पुकारलं गेलं आणि घरच्या बाया मांडी घालून रांगेत बसल्या होत्या त्यांच्या मांडीवर ते ठेवले गेले. माझ्या शेजारच्या बाईच्या मांडीवर तिची आई होती. ती वस्त्रावरून हात फिरवत हळूहळू बोलत होती. दादा कानात सांगत होता : धाकट्याला मुलगा झाला, नाव तुझ्या भावाचं ठेवलंय, पलीकडचं खाचर विकावं लागलं, रागावू नकोस. नवं वस्त्र गुंडाळून झालं, अत्तर शिंपडलं, आणि मग सगळ्यांनी त्यांना खांद्यावर घेऊन, नाचत, हसत, थडग्याला फेऱ्या घातल्या. सूर्य कलायच्या आत सगळे परत जागेवर.

माझा दीर जाऊन तीन वर्षं झाली. जाऊ सगळा वेळ उभी होती, डोळे कोरडे. गाडीत बसल्यावर म्हणाली, "ताई, आपण कावळा शिवायची वाट बघत लांब उभे राहतो. ह्यांनी मांडीवर घेतलं आणि सगळं सांगून टाकलं." त्या रात्री ती बराच वेळ अंगणात एकटी बसली होती. मी गेले नाही.

कुणी बोलावल्याशिवाय अशा कार्याला जाऊ नये. बोलावलंच तर पाकिटात थोडे पैसे द्यावेत, घरच्यांनी सांगितल्याशिवाय फोन बाहेर काढू नये. पर्यटकांसाठी हे दाखवतो म्हणणारे भेटतात, त्यांना सरळ नाही म्हणा.

सातवा दिवस : बेत्सिलेओंचा मुलूख

दिवसभर प्रवास. अंबोसित्राला झाफिमानिरी लोकांचं लाकडी कोरीवकाम पाहिलं, खिडक्यांच्या झडपांवर भूमितीची नक्षी, एक खिळा नाही. पुढे फियानारांत्सोआपर्यंत डोंगराच्या डोंगर पायऱ्यांची खाचरं. बेत्सिलेओ हे बेटावरचे सगळ्यात निष्णात भातकरी. पाणी एका बांधावरून दुसऱ्या बांधावर असं उतरवतात, की वाफ्यावाफ्यातून ते स्वतःच चालत गेल्यासारखं वाटतं. भाताला इथे 'वारी' म्हणतात. आषाढात दिवसातून तीनदा 'वारी, वारी' ऐकताना माझ्या मनात पंढरीची वाट उभी राहायची. त्याला काही रकाना नाही.

या रस्त्यावर बोलणं झालं ते लोक कुठून आले याबद्दल. मालागासी भाषेची सगळ्यात जवळची बहीण बोर्निओच्या आग्नेय भागात बारितो नदीकाठी बोलली जाते, मान्यान तिचं नाव. नॉर्वेच्या ओटो ख्रिस्तियन दाल यांनी १९५१ मध्ये हे नातं शब्दाशब्दाने दाखवलं. पाचाला इकडे 'दिमी', तिकडे 'दिमे'. सात 'फितो' आणि 'पितु'. २०१२ मधल्या एका जनुकीय अभ्यासाचा अंदाज असा, की सुमारे १,२०० वर्षांपूर्वी इथे रुजलेल्या मूळ वसाहतीत बायका तीसेकच असाव्यात, आणि त्यातल्या बहुतेक इंडोनेशियाकडच्या. तीस! माझ्या एका वर्गात याहून जास्त मुली असायच्या. आज बेटाची लोकसंख्या तीन कोटींच्या घरात आहे.

आणि एक गोष्ट मला वाचल्यापासून कुणाला तरी सांगायची होती. किनाऱ्याकडच्या काही भागांतल्या जुन्या महिन्यांच्या नावांत 'फोसा', 'माका', 'असारा' आहेत. पौष, माघ, आषाढ. हे शब्द भारतातून थेट आले नाहीत. आधी जावा-सुमात्राकडे गेले, तिथल्या बोलीत मुरले आणि मग होडीत बसून इकडे आले. म्हणूनच अभ्यासक म्हणतात, की हे लोक तिकडे संस्कृतचा प्रभाव पोचल्यानंतरच निघाले असले पाहिजेत. एका महिन्याच्या नावावरून स्थलांतराचा काळ काढता येतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

दादाने ऐकून घेतलं, मग दुसरी बाजू सांगितली. "आफ्रिकेचं विसरू नका. आणि जे आपणहून आले नाहीत त्यांचं." मोझांबिककडून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज इथे आहेत, आणि मेरिना राज्यातही दासांचा वर्ग होता. गुलामी १८९६ मध्ये कायद्याने गेली. लग्न जुळवताना मात्र कोण कुणाच्या घरातलं हे अजून हळूच विचारलं जातं, आणि थडगं कुणाच्या कुळाचं यावरून ते कळतं. आम्ही दोघी गप्प बसलो. हे आम्हाला समजावून सांगायची गरज नव्हती.

आठवा दिवस : अंबालावाओ

गुरुवार होता. अंबालावाओचा गुरांचा बाजार बुधवार-गुरुवारी भरतो, तो साधून आलो होतो. टेकडीवर शेकडो झेबू, वशिंडाचे, मोठ्या शिंगांचे. खिलारांच्या बाजारात उभं राहिल्यासारखं वाटलं. वशिंडाची गाय मूळ भारतीय उपखंडात माणसाळली आणि आफ्रिकेमार्गे इथवर पोचली. त्यामुळे जनावर आपल्याकडचं, पण नाव आफ्रिकेचं : 'ओंबी', स्वाहिलीतल्या 'न्गोंबे'वरून. कुत्रा 'अंबोआ', कोंबडी 'अकोहो', शेळी 'ओसी', सगळी बांटू भाषांतली नावं. आकडे आशियाचे, गोठा आफ्रिकेचा, महिने अरबांचे नाहीतर संस्कृतचे. एका घरात इतकी माहेरं, आणि तरीही उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत भाषा एकच. अधिकृतपणे अठरा जमाती मोजतात, बोली बदलत जाते, पण एकमेकांचं कळतं. महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट क्षेत्रफळाच्या बेटावर ही फार मोठी गोष्ट आहे.

दुपारी अंतायमोरो कागदाची कार्यशाळा. झाडाची साल उकळून, कुटून, चौकटीवर पसरतात आणि ओल्या लगद्यात खरी फुलं बसवतात. आग्नेय किनाऱ्यावरच्या अंतायमोरो लोकांनी अरबी लिपीत मालागासी भाषा लिहिली, ती 'सोराबे' हस्तलिखितं अशाच कागदावर. जवळच अंजाचं राखीव रान गावकरी स्वतः चालवतात. तिथे कड्याकपारींत वळ्यावळ्यांच्या शेपटीचे लेमूर सकाळी हात पसरून ऊन खात बसतात. तिकिटाचे पैसे गावाच्या कामाला जातात, ते तिथेच खर्च करा.

नववा दिवस : इसालो

झाडी संपली. मैलोगणती पिवळं गवत आणि मध्येच उभा राहिलेला वाळूच्या खडकाचा इसालो. घळींत मात्र गार पाण्याचे डोह आणि ताडमाड. 'बारा' नावाच्या जमातीची थडगी उंच कपारींत दगड रचून बंद केलेली असतात, वाटाड्याने तिकडे मूठ मिटून हाताने खूण केली, बोट रोखलं नाही. सहा तास चाललो. पाणी तीन लिटर, टोपी, आणि सूर्य डोक्यावर यायच्या आत चढ संपवणं, एवढं पाळलं तर साठीतही जमतं. रात्री मात्र या रस्त्यावर गाडी घालायची नाही. गुरं पळवणाऱ्या टोळ्यांची भीती खरी आहे.

दहावा दिवस : तुलेआर

वाटेत इलाकाका. १९९८ मध्ये इथे नीलम सापडले आणि चार झोपड्यांच्या जागी शहर उभं राहिलं. फलकांवर श्रीलंकेचे, थायलंडचे व्यापारी. गोंडवनात श्रीलंकाही इथेच शेजारी होती, आणि तिथल्या खाणींची जाण असलेला माणूस इथला खडाही बरोबर ओळखतो. खड्डे बघवत नव्हते, पोरं उतरत होती त्यात. थांबलो नाही.

वस्ती विरळ होत गेली, झाडं काटेरी झाली. पूर्व किनाऱ्यावर ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस, इथे ४०० च्या आसपास. एकाच बेटावर चेरापुंजीची आठवण आणि मरुभूमीची, दोन्ही. तुलेआरच्या किंचित दक्षिणेवरून मकरवृत्त जातं. इतकी वर्षं फळ्यावर तुटक रेघेने काढलेलं वृत्त, त्यासाठी मुद्दाम गाडी पुढे नेली आणि रस्त्यावर उभी राहिले. सावलीकडे बघत राहिले बराच वेळ.

बाजारात पोरं आम्हाला बघून 'कराना, कराना' म्हणत होती. कराना म्हणजे इथले भारतीय, बहुतेक काठियावाड-कच्छकडून एकोणिसाव्या शतकात गलबतांनी आलेल्या गुजराती मुसलमानांचे वंशज. एका कापडाच्या दुकानात सत्तरीच्या चाचींनी गुजराती शब्द पेरत हिंदीत बोलणं सुरू केलं. त्यांची चौथी पिढी. भारत कधी पाहिला नाही. "आम्ही इथले की तिथले, हे आम्हाला दोन्हीकडचे विचारतात," त्या म्हणाल्या आणि आतून खारवलेल्या कच्च्या आंब्याची बाटली घेऊन आल्या. लोणच्याला इथे 'अशार' म्हणतात. चाचींनी झाकण उघडलं आणि जाऊ म्हणाली, "हिंग!"

काही गोष्टी जमवून ठेवा. अरिआरी हे चलन शहराबाहेर रोखच लागतं, एटीएम मोठ्या गावांतच. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीपासून सुरू करा. आफ्रिकेतून विमान बदलणार असाल तर पिवळ्या तापाच्या लशीचं पुस्तक जवळ ठेवा, लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. शाकाहारी असाल तर भात, पालेभाजीचा पातळ रस्सा, घेवड्याची उसळ आणि केळी यांवर उत्तम भागतं. 'मांसाशिवाय' एवढा एक शब्द स्थानिक भाषेत लिहून घ्या, कारण भाजीत मांसाचा तुकडा हा इथे पाहुणचार असतो.

अकरावा दिवस : इफातीचा किनारा

वेझो हे समुद्राचे लोक. नावाचाच अर्थ 'वल्हव'. दादाने सांगितलं ते मला फार आवडलं : वेझो जन्माने होत नाहीत. जो समुद्रावर जायला शिकला तो वेझो, जो शेतीकडे वळला तो उरला नाही. वर्षातले काही महिने ते कुटुंब, भांडी, कोंबड्या होडीत घालून किनाऱ्याने जातात आणि शिडाचाच तंबू करून वाळूवर राहतात.

सकाळी सहाला होड्या परत येत होत्या. फाराफात्से नावाच्या हलक्या लाकडाचा एकच बुंधा कोरलेली अरुंद होडी, चौकोनी शीड, आणि एका बाजूला दोन आडव्या दांड्यांवर बांधलेलं तरंगतं लाकूड. मी पाण्यात शिरून सरळ त्यावर हात ठेवला. माझे आजोळ जयगडजवळचं. मामाच्या होडीला हे असं लाकूड होतं, आणि त्यावर बसू नकोस म्हणून मी लहानपणी मारही खाल्ला आहे. बोर्निओकडून निघालेली माणसं अशाच जोडलाकडाच्या बळावर महासागर ओलांडून आली. आमच्या किनाऱ्यावर ते कुणाकडून आलं, किती जुनं, हे ठरवायला मी त्या सकाळी बसले नाही. वही खोलीवरच राहिली होती.

होडीवाला तिशीचा असेल. त्याने मान हलवून विचारलं, काय बघताय? मी लाकडावर थाप मारली आणि म्हणाले, "उलांडी." त्याला वाटलं मी काही मागते आहे. दादाने समजावलं, की यांच्या गावी याला असं म्हणतात. तो हसला, त्याने स्वतः लाकडावर थाप मारली आणि शेवटचा स्वर गिळून म्हणाला, "उलान्द्." मग जावेला हात देऊन आत घेतलं, मला मधल्या फळीवर बसवलं, आणि शीड सोडलं.